वीस पूर्णांक नऊ

वाळूजहून निघाले तेव्हा मांडीवर खोका,
खोक्यावर बाण : ही बाजू वर.
बदनापूरच्या अलीकडे रस्ता उखडलेला,
दर खड्ड्याला मी आधी खोका सावरायचे,
मग स्वतःला.
आत मीटरभर पोलादी नळी,
टोकाला झिर्कोनियाचं टोपण, करंगळीएवढं.
पडलं की संपलं.

जालन्याची एमआयडीसी. रोलिंग मिल.
गेटवरचा म्हणाला, "मॅडम, इंजिनियर मागून येतेत का?"
म्हटलं, आलाय. सही कुठं करू?

भट्टीमागच्या धुराड्याला
अफसरनं कालच भोक पाडून फ्लँज वेल्ड केलेली.
शिडीला बावीस पायऱ्या, तेविसावी गायब.
वर पोचल्यावर कळतं, ऊन दोन असतात :
एक आभाळातून येतं,
एक पत्र्यातून.

बोल्ट आठ. सात निमूट बसले,
आठव्याचे आटे कुणाचंच ऐकेनात.
शेषेराव म्हणाले, "ह्याला तेल नाही, शिवी लागती."
दोन्ही दिलं.
केबल ओढली, ग्लँड आवळली, अर्थिंग वेगळं घेतलं,
चार ते वीस मिलिअँप
कंट्रोल रूमपर्यंत नीट पोचतात का पाहिलं,
आणि हीटर चालू केला.

सेन्सर सातशे अंशांवर जाईस्तोवर
कुणाला काही काम नसतं.
शेषेरावांनी डबा उघडला,
ज्वारीची भाकरी, करडईच्या तेलातला ठेचा.
"खा, मॅडम. मशीन तापतंय तवर."

मग नळीला हवा दाखवायची.
सिलिंडरमधली नाही, इथलीच,
भंगाराच्या ढिगावरून आलेली, गंजाच्या वासाची.
आकडे चढले, थरथरले, थांबले.
वीस पूर्णांक नऊ.
"म्हणजे शंभरात वीस-एकवीसच?"
"हो."
"अन् शेठच्या एसीत?"
"तेवढाच."
"मुंबईला?"
"तिथंही."
शेषेरावांनी घास तसाच हातात धरला.
"मंग येवढं एक तरी
सारखं वाटलंय म्हणायचं."

दुसरा गॅस, दोन टक्क्यांचा. दाखवले दोन.
नळी धुराड्यात. यायला हवेत तीन, साडेतीन.
आले अकरा.

पुन्हा तपासलं. अकरा.
सुपरवायझर गुंजाळ खालूनच ओरडले,
"मीटर खोटं बोलायलंय तुमचं!"
मी मॅन्युअलचं चाळिसावं पान काढलं.
घामानं ते एकेचाळिसाव्याला चिकटलेलं.

अफसर काही न बोलता खाली गेला,
पॅनेल रूममधल्या देवाच्या फोटोपुढची
अर्धी जळालेली उदबत्ती घेऊन आला.
आत धुराडं ओढतंय, म्हणाला,
फट असेल तर धूर सांगेल.

फ्लँजभोवती हळूहळू फिरवली.
धूर सरळ. सरळ.
आठव्या बोल्टपाशी सगळ्यांनी श्वास धरला.
तिथंही सरळ.
मग खाली, वेल्डची रेघ संपते तिथं,
धूर वाकला
आणि कुणीतरी हाक मारल्यासारखा
आत निघून गेला.

अफसर बघत राहिला.
"मेराच है," म्हणाला,
शाळेत दुसऱ्याच्या पोराला मारून आलेल्या
आपल्या पोराबद्दल बाप बोलतो, तसं.
कुणी काही बोललं नाही.
नळी बाहेर काढली, तोंड झाकलं,
त्यानं वेल्डिंगची वायर वर ओढून घेतली,
आम्ही पाठ फिरवून उभे राहिलो. ठिणग्यांसाठी,
आणि थोडं त्याच्यासाठी.

अकरा. सात पूर्णांक सहा. पाच.
तीन पूर्णांक चार.
तिथं आकडा टिकला.

रिपोर्टात लिहिलं : हवागळती होती, बंद केली.
कुणी शोधली, त्याला रकाना नाही.
गुंजाळांनी न वाचता सही केली.

वर फ्लँजवर उदबत्तीची राख तशीच होती.
पुसायला हवी होती. नाही पुसली.
चढताना जी शेवटची, उतरताना तीच पहिली,
ती नसलेली पायरी
माझ्याआधी माझ्या पायाला आठवली.